पायरीखालची पाटी

‘यांचं डोकंच उलटं असतं साहेब. पाटी सुलटी कुठून असणार?’

मास्तर हे म्हणाला तेव्हा मी अंगणात मातीवर बसले होते. माझ्या मागं शाळा तपासायला आलेला साहेब उभा होता. गावात त्याला दिपोटी म्हणायचे. त्याच्या बुटांची टोकं माझ्या परकराला लागतील इतकी जवळ होती. लागली नाहीत. तो सांभाळून उभा होता.

आधी तो वाकला होता. माझ्या खांद्यावरून पाटी बघितली आणि म्हणाला, ‘मास्तर, ही मुलगी अक्षरं उलटी काढते. सगळीच. तुमच्या ध्यानात आलं नाही?’

मास्तराचं तोंड पडलं. ते मी पाहिलं. मग त्यानं डोक्याचं ते वाक्य टाकलं आणि तोंड परत जागेवर आलं. साहेब हसला. साहेब हसला म्हणून मास्तर हसला. मास्तर हसला म्हणून पोरं हसली.

मला उभं केलं. पाटी डोक्यावर धरायला लावली, अक्षरं वर्गाकडे करून. ‘बघा रे, नीट बघून घ्या,’ मास्तर म्हणाला. पोरांनी लगेच चाल धरली, उलट्या डोक्याची म्हणून. ‘उलटा डोकानी! उलटा डोकानी!’ साहेब पाटलाकडे चहाला निघून गेला. मास्तर त्याच्या मागून गेला. मला खाली बस म्हणायला कोणी उरलं नाही, म्हणून मी तशीच उभी राहिले. हात भरून आले. पाटी हलायला लागली. पेन्सिलीची पांढरी भुकटी डोळ्यात गेली आणि पोरांना वाटलं मी रडते. मी रडत नव्हते. मला कळतच नव्हतं की माझं काय चुकलं.

कारण त्या पाटीवर मला फार गर्व होता. ग म भ न, चारही अक्षरं मी कोणी न शिकवता शिकले होते.

शाळा कशी होती ते सांगते, म्हणजे हे उलटं कुठून आलं ते कळेल.

सोनगीरच्या अलीकडं, आग्रा रोडच्या कडेला आमचं गाव. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. गावात शाळेची खोली नव्हती. मारुतीच्या देवळाला लागून धर्मशाळा होती, तिच्या ओट्यावर पहिलीचा वर्ग भरायचा. आम्ही महारवाड्यातले. बापानं मला शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तर गोड बोलला. ‘सरकारचा हुकूम आहे, आम्ही कोण नाही म्हणणार? घेतली तुमची मुलगी. फक्त जागा देवळाची आहे. पायरीखाली बसू दे.’ बाप हात जोडून परत आला. तो खूश होता. माझी माय खूश नव्हती. ‘येवढा गोड काब्र बोलस तो?’ असं ती बापाला म्हणाली. का बरं एवढा गोड बोलतो. माझा संशयी स्वभाव तिच्याकडून आला आहे आणि मला त्याची लाज नाही.

ओट्याला तीन बाजूंनी भिंत, पुढची बाजू उघडी. मास्तर उघड्या बाजूला, अगदी कडेला खुर्ची टाकून बसायचा. त्याच्या शेजारी फळा. त्याचं तोंड पोरांकडे, पोरांचं तोंड त्याच्याकडे. आणि मी खाली अंगणात, त्याच्या खुर्चीच्या मागं. म्हणजे मास्तराची पाठ माझ्याकडे. फळ्याची पाठ माझ्याकडे. कितीतरी महिने मी त्या फळ्याचं मागचं लाकूड बघत होते. त्यावर एक गाठ होती. ती गाठ मला आजही काढून दाखवता येईल.

पहिलीचं शिक्षण तेव्हा हातानं व्हायचं. मास्तर प्रत्येक पोराच्या पाटीवर मोठं अक्षर काढून द्यायचा, त्याला वळण घालून देणं म्हणायचे. मग पोरानं त्याच अक्षरावरून पेन्सिल फिरवायची. गिरवायचं. नाही जमलं तर मास्तर मागं बसून पोराची मूठ आपल्या मुठीत घ्यायचा आणि फिरवायचा. ग ची गोलाई अशी हातातून हातात जायची. दहा वेळा, वीस वेळा.

माझी मूठ कोण धरणार?

माझ्या पाटीवर वळण कोण घालणार? पाटीला हात लावला की विटाळ. मास्तर म्हणायचा, ‘तू बघून काढ.’ काय बघून काढू? फळ्याची गाठ?

पहिल्या रांगेत, ओट्याच्या अगदी कडेला, मास्तराच्या खुर्चीच्या बाजूला यमू बसायची. पाटलाची नात. ती पाटी पुढ्यात ठेवून ओणवी होऊन गिरवायची. मी खाली बसलेली, पण गुडघ्यावर उभी राहिले की माझे डोळे ओट्याच्या वर यायचे आणि यमूची पाटी दिसायची. समोरून. मी तिच्याच पाटीवरून शिकले. ती कुठून सुरुवात करते, पेन्सिल कुठं वळवते, सगळं डोळ्यांत साठवायचं आणि खाली बसून काढायचं. कधी कधी ती पाटी माझ्याकडे जरा सरकवायची. दया आली म्हणून की मला चिडवायला म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. दया म्हणावं तर त्या दिवशी ‘उलटा डोकानी’ ओरडण्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

समोरून बघितलेलं अक्षर उलटं असतं. सहा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? यमूच्या अक्षरांची रेघ मला खाली दिसायची, म्हणून मी रेघ खाली काढायचे. मला वाटायचं रेघ म्हणजे ओटा, आणि अक्षरं त्यावर बसलेली पोरं. मला ते पटलं होतं.

आणि मास्तर? तो पाट्या तपासायचा की. सगळ्यांच्या झाल्या की शेवटी मान मागं वळवायचा आणि म्हणायचा, ‘ए पायरीखालची, पाटी दाखव.’ मी पाटी जमिनीवर ठेवून मागं सरकायचे. तो खुर्चीतूनच वाकून बघायचा. समोरून. माझं उलटं त्याला समोरून सुलटं दिसायचं. ‘ठीक,’ म्हणायचा. महिनोन्‌महिने ‘ठीक.’ मला वाटायचं, मी हुशार आहे.

त्या ‘ठीक’ची मला आता जास्त चीड येते, पुढं खाल्लेल्या छडीपेक्षाही. तो माणूस एकदाही माझ्या बाजूला येऊन उभा राहिला नाही. एकदा आला असता तरी कळलं असतं. दिपोटी रस्त्यावरून आला, योगायोगानं माझ्या मागं थांबला, म्हणून कळलं. आणि कळल्यावर त्या दोघांनी मिळून दोष माझ्या डोक्यावर ठेवला. अक्षरशः ठेवला, पाटीसकट.

पहिलीत पोरं काय शिकतात, असं कोणी विचारलं की लोक म्हणतात, बाराखडी, पाढे, कविता. मी म्हणते, त्या सकाळी त्या ओट्यावरची पोरं काय शिकली ते विचारा. साहेब हसल्यावर हसायचं. मास्तर ज्याला हसतो त्याला हसायचं. पायरीखाली बसलेल्याचं चुकतं ते त्याच्या डोक्यामुळं चुकतं. याचं वळण कोणी पाटीवर घालून दिलं नव्हतं. मास्तराच्या तोंडाकडे बघून पोरांनी ते गिरवलं आणि एका फटक्यात पाठ झालं. ग यायला यमूला पंधरा दिवस लागले होते.

घरी गेले. माय शेण थापत होती. मी तिला पाटी दाखवली. ‘मास्तर म्हणस हाई उलटं शे.’ मायनं हात पुसले, पाटी घेतली. इकडून बघितली. फिरवली. तिकडून बघितली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘माले तं दोन्हीकडथून सारखंच दिखस वं माय.’

मला तिचा राग आला. आयुष्यात पहिला आणि शेवटचा. शिकलेली आई असती तर, असं मनात आलं. मग तो राग वळून जिथं जायला हवा तिथं गेला.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच उलगडा झाला. बापाच्या विड्यांच्या कट्ट्याला कागद गुंडाळलेला असायचा. त्यावर मोराचं चित्र, खाली दोन अक्षरं. बापानं कागद फेकला तो मी उचलला. अक्षरं ओळखीची वाटेनात. कागद हातात फिरत फिरत उलटा झाला आणि एकदम यमूच्या पाटीवरचा म समोर आला. काना-मात्रा मला ठाऊक नव्हत्या, पण म मी ओळखला. माझा म. मला इतका आनंद झाला. मग वर बघितलं तर मोर डोक्यावर उभा.

कागद परत फिरवला. मोर पायांवर आला. म उलटा झाला.

मी कितीतरी वेळ तो कागद फिरवत बसले. मोर तर खोटं बोलणार नाही. मोर पायांवरच उभा राहतो. मग मी पाटी जमिनीवर ठेवली आणि उठून तिच्या पलीकडे जाऊन बसले, जिथून मास्तर बघायचा तिथं. सगळी अक्षरं सरळ. परत माझ्या जागेवर आले. सगळी उलटी. पाटी तीच. मी तीच. फक्त बसायची जागा.

माझं डोकं उलटं नव्हतं. मला जिथं बसवलं तिथून जे दिसत होतं ते मी बिनचूक काढलं होतं. हे कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांच्या पोरीची आग ती, केवढी असणार? पण ती विझली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पायरीखाली बसले नाही. पायऱ्या चढले. ओट्यावर गेले. पोरांच्या मधून चालत गेले आणि यमूच्या मागं जाऊन मांडी घातली. तिथून फळ्याची पुढची बाजू दिसली. पहिल्यांदा. काळी, मोठी, त्यावर पांढरा ग. डोक्यावर रेघ असलेला.

काय गोंधळ उडाला. पोरं उठून पळाली. यमू परकर गोळा करत भिंतीला चिकटली आणि किंचाळली. ‘बाटाडं! बठ्ठा ओटा बाटाडा!’ सगळा ओटा बाटवला. मास्तर उभा राहिला. त्याला मला मारायचं होतं, पण मारायला जवळ यावं लागलं असतं. त्यानं छडी फेकली. ती माझ्या भुवईवर लागली. तो वण आहे अजून. लोक विचारतात तेव्हा मी लपवत नाही.

‘कुणी सांगितलं वर यायला?’ मास्तर ओरडला.

मी म्हणाले, ‘आठेन सरळ दिखस.’ इथून सरळ दिसतं.

एवढंच. दुसरं काही मला येत नव्हतं. पण मास्तराला ते समजलं. त्यानं फळ्याकडे बघितलं, मग खाली माझ्या रोजच्या जागेकडे बघितलं. त्याला सगळं कळलं, मी शपथेवर सांगते. आणि कळूनही तो पोरांना म्हणाला, ‘पाणी आणा रे. ओटा धुवून काढा.’

बापाला चावडीवर बोलावलं. त्याला तिथं नाक घासायला लावलं. ‘पोर नादान शे, मायबाप, चूक व्हयनी,’ असं तो म्हणत होता. मी चावडीच्या बाहेर मायला धरून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. घरी येऊन बाप मला मारील असं वाटलं. त्यानं मारलं नाही. नाकाला लागलेली माती न पुसता बसून राहिला आणि म्हणाला, ‘शाळा बंद. माले गावमा ऱ्हानं शे.’

माय चुलीपाशी होती. मोराचं आणि पाटीचं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिथूनच म्हणाली, ‘जे माले दिखनं नही ते हिले दिखनं. ती शाळामा जाई.’

बाप म्हणाला, ‘कोठे बसाडशी? ओटावर?’

माय सकाळी उठली आणि मला घेऊन नाल्यावर गेली. तिथून तिनं एक सपाट दगड डोक्यावर घेतला. धर्मशाळेच्या मागच्या भिंतीला, गल्लीच्या बाजूनं, गजांची एक खिडकी होती. उंच होती. मायनं तो दगड खिडकीखाली टाकला, पायानं हलवून बघितला, माझी पाटी माझ्या हातात दिली. ‘आठे उभी ऱ्हा,’ म्हणाली. मी चढले. गजांतून आत बघितलं. समोर पोरांच्या पाठी, त्यांच्या पलीकडं मास्तर, आणि फळा. सरळ.

मास्तरानं मला बघितलं. मायला बघितलं. माय हलली नाही. गल्ली सगळ्यांची होती, दगड नाल्यातला होता, कशालाच काही लागत नव्हतं. मास्तर शिकवायला लागला. तो आवाज मुद्दाम बारीक करायचा, फळ्यासमोर मुद्दाम उभा राहायचा. मी वाट बघायचे. कधीतरी त्याला बाजूला व्हावंच लागायचं.

उरलेली पहिली मी अशी उभ्यानं शिकले. उन्हात, वाऱ्यात, गजांना एक हात धरून. मूठ कोणी धरली नाही. ग माझ्या हातात आला तो माझ्याच हातानं आला, वाकडा आला, आजही थोडा वाकडाच आहे.

पुढच्या वर्षी रस्त्याच्या कडेला शाळेची खोली झाली आणि मला आत घेतलं. लोक सांगतात, त्या दिपोटीनं वर लिहून कळवलं म्हणून झाली. झाली असेल. तो माझ्यासाठी पाघळला, यावर मात्र माझा विश्वास नाही. देवळात शाळा भरवली तर सरकारी मदत थांबणार, अशी बोलवा आली होती. मदत थांबेल म्हणून माणसाला आत घेतात, तेव्हा त्याला न्याय म्हणायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कोपऱ्यात का होईना, मी बसून शिकले. पुढं धुळ्याला वसतिगृहात राहिले, सातवीची फायनल झाले, मास्तरकीचं ट्रेनिंग झालं. यमूचं लग्न चौथीतच ठरलं. बाप माझी पहिली नेमणूक बघायला राहिला नाही. माय राहिली.

नेमणूक मिळाली ती सावद्याच्या बाजूला. केळीचा मुलूख. आमच्या माळावरून आलेल्या माणसाला डोळे फाडून बघायला लावणारा. हिरवंगार, पाट भरून वाहणारं पाणी, पक्की घरं. बोलीही वेगळी. मी तिथं गेले तेव्हा साठ साल लागलं होतं. शाळा चांगली होती, भिंतीला चुना, खिडक्यांना झडपा. हेडमास्तर दाराशी सामोरे आले. ‘या बाई, या. आम्ही वाटच बघत होतो.’

इतकं गोड स्वागत झालं की माझ्या मनात पाल चुकचुकली.

खुर्ची दिली. बाकीच्या दोन मास्तरांना चहा आला. माझ्यापुढं केळी ठेवली. अख्खी फणी, पिवळीधमक, एकालाही डाग नाही. ‘आमच्या गावची केळी खा बाई, मुंबईला जातात,’ हेडमास्तर म्हणाले. मी एक घेतलं. सोलता सोलता विचार आला, चहा का नाही? चहाला कप लागतो. कप नंतर धुवावा लागतो. केळ्याला साल असते. देणाऱ्याचा हात सालीवर, खाणाऱ्याचा हात सालीवर, कोणाचं कोणाला काही लागत नाही. तुम्ही म्हणाल, मी फार खोलात जाते. सावद्याकडं कोणाच्याही घरी गेलं तरी केळं पुढं करतात. हो, करतात. चहाबरोबर करतात.

केळं गोड होतं, हेही सांगते. मी सगळं खाल्लं.

मग हेडमास्तर मुद्द्यावर आले. ‘बाई, तुम्ही ट्रेनिंग झालेल्या, हुशार. तुम्ही चौथी घ्या. पहिलीला काय, कोणीही चालतं.’

क्षणभर मी फुलून गेले. चौथी म्हणजे मान. मोठ्या मास्तरांचा वर्ग. काल आलेल्या पोरीला चौथी? बाकीच्या दोघांपैकी कोणी तोंड वाकडं केलं नाही, एकजण तर मान हलवून हसला. आणि मला कळलं की इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

मी विचारलं, ‘पहिली का नको?’

‘पहिली म्हणजे कटकट हो. नाक पुसा, शू ला न्या.’

‘मला चालेल.’

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला. ‘बाई, तुम्ही समजूतदार आहात. पहिलीच्या मुलांचा हात धरून गिरवून घ्यावं लागतं. चौथीचं तसं नाही. फळ्यावर लिहिलं, झालं. माझं काही नाही, मी मानत नाही. गावातली मोठी माणसं आहेत, त्यांचे नातू आहेत.’

मी मानत नाही. हे वाक्य मी त्यानंतर किती जणांच्या तोंडून ऐकलं. मानणारा कोणी भेटतच नाही. सगळे दुसऱ्याच्या वतीनं मानतात.

समोर हेडमास्तर होते आणि मला फळ्याची पाठ दिसत होती. त्यावरची गाठ. बारा वर्षं झाली होती, कायदे झाले होते, मी नेसून-सवरून, पदविका घेऊन खुर्चीत बसले होते. आणि हात तिथंच होता. तेव्हा कोणी माझी मूठ धरायची नाही. आता मी कोणाची धरायची नाही.

‘मला पहिली द्या,’ मी म्हणाले. ‘नाही तर पहिली कोणत्या कारणानं नाकारली ते मला लिहून द्या.’

लिहून कोण देणार? पहिली मिळाली.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर वस्तीवरची दोन पोरं चपलांपाशी बसलेली. कोणी बसवली विचारलं तर कोणीच बसवली नव्हती, आपोआप बसली होती. त्यांना उठवून पहिल्या रांगेत आणलं. कोणाला काही बोलले नाही. पाट्यांवर येईल ते काढायला सांगितलं आणि तपासायला घेतलं. एकेक पोर उठलं, माझ्यापासून दोन हातांवर आलं, पाटी जमिनीवर ठेवली आणि मागं सरकलं. दुसरं आलं, त्यानंही तसंच. तिसरं. सहा-सहा वर्षांची लेकरं, अजून ग येत नाही, पण पाटी कशी ठेवायची आणि किती मागं सरकायचं हे पक्कं पाठ. घरून गिरवून आली होती.

त्यांचा राग येईना. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, ‘जमिनीवरची पाटी मी बघत नाही. हातात द्या.’

कोणी दिली नाही. पाट्या तशाच पडून राहिल्या. मी वस्तीवरच्या दोघांना जवळ घेतलं, मागं बसले, एकेकाची मूठ मुठीत घेतली आणि ग फिरवला. बाकीची पोरं बघत होती. बघताना त्यांच्या स्वतःच्या मुठी मांडीवर हलत होत्या, ते मी पाहिलं.

असंच चाललं. मी फळ्यावर सगळ्यांसाठी लिहायचे, सगळ्यांना गोष्टी सांगायचे, कविता म्हणायचे. कोणाला वगळलं नाही. पण वळण घालून द्यायची वेळ आली की हात पुढं करायचे. ज्याला द्यायची त्यानं पाटी हातात द्यावी. दोन-तीन पोरांनी दिली, दुसऱ्या दिवशी त्यांनी परत जमिनीवर ठेवली. घरी मार बसला असणार. हेडमास्तर दोनदा येऊन गेले. ‘बाई, ताणू नका.’ मी काही ताणत नव्हते. मी बसून होते.

दिवाळीपर्यंत वस्तीवरची दोघं स्वतःची नावं लिहायला लागली. ते गावात पोचलं.

एका सकाळी वर्गाच्या दारात आबा येऊन उभे राहिले. गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार, पांढरं धोतर, टोपी. त्यांचा नातू भास्कर माझ्या वर्गात होता. आबा वाईट माणूस नव्हते. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘बाई, तुमी शिकेल आहे, तुमाले मी काय सांगू? माह्या नातवाले अजून ग येत नही, अन्‌ ते वस्तीवरचे पोरं नाव लिवतात. हे बरं दिसते का?’

‘नाही दिसत, आबा.’

‘मंग काहीतरी करा ना. तुमी लांबून दाखवा. तो पाहीन अन्‌ काढीन. लांबून बी शिकता येते.’

मी म्हणाले, ‘लांबून शिकवलं की उलटं येतं, आबा. मी तशीच शिकले आहे.’

त्यांना काय कळलं, काय नाही. ते माझ्या भुवईकडे बघत होते. भास्करची पाटी नेहमीसारखी जमिनीवर होती. पोर चांगलं होतं. मला सरळ दिसावी म्हणून पाटी त्यानं फिरवून ठेवली होती, म्हणजे त्याला स्वतःला ती उलटी दिसत होती. मी खुर्चीवरून उठले, पाटीला वळसा घातला आणि भास्करच्या मागं जमिनीवर जाऊन बसले. पाटी त्याच्या बाजूनं सरळ केली. हात पुढं केला, तळवा वर करून, त्याच्या मुठीच्या शेजारी. धरला नाही. नुसता ठेवला.

पोरानं आबांकडे बघितलं. मीही बघितलं.

‘हात धरला तर ग येईल,’ मी म्हणाले. ‘नातू तुमचा आहे. घरी न्यायचा तर न्या. मी पहिली सोडणार नाही. मला चौथी नको, बढती नको, केळी नकोत. मी इथं बसले आहे.’

ही हकिकत सांगितली की लोक विचारतात, मग त्या पोरानं हात दिला का? फार उत्सुकतेनं विचारतात. मी सांगत नाही. दिला म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, चला, सगळं नीट झालं म्हणून ते घरी जातात. मला कोणाला असं घरी पाठवायचं नाही. पोराच्या हाताचं उत्तर त्या पोराकडे, त्याच्या आबाकडे मागा. माझ्या हाताचं मी देते. तो मी पुढं केला, त्याला आता वर्षं लोटली. मागं घेतलेला नाही. घेणार नाही.